अठ्ठावीस नंबरचं नरसाळं

गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे मापबाई म्हणत. चोवीस मशिनं, दोन इस्त्र्या आणि मधोमध एक लांबलचक कटिंगचं टेबल. त्या टेबलावर मापबाईचं राज्य. गळ्यात टेप, कानामागे खडू. माणूस दारातून आत आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवरून फिरायची, मग कमरेवरून, आणि टेप लावायच्या आधीच आकडा तिच्या मनात तयार असायचा. मापं द्यायला येणाऱ्या बायका लाडीगोडी लावत, "कंबर तीसच लिहा हं." मापबाई गोड हसून मान डोलवायची आणि चौतीस लिहायची. वर मशीनवालीला ओरडून सांगायची, "लूजिंग दोन इंच!" लूजिंग म्हणजे अंगाच्या मापावर मुद्दाम सोडलेली सैल जागा. ती नसेल तर माणूस कपड्यात शिरतो खरा, पण त्याला हात वर करता येत नाही. ती बाई गेली की टेबलाभोवती हशा पिकायचा. स्वतःच्याच अंगाचं माप खोटं सांगणाऱ्यासारखं खुळं माणूस दुसरं नाही, असं मापबाईचं ठाम मत होतं.

हे मत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर अशी ही मापबाई बाळंतपणाच्या रजेवर होती आणि रजेचे नऊ दिवस उरले होते. मुलगी तीन महिन्यांची, अंगाने बारीक, हातापायांची सदान्‌कदा वळवळ, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मुंगी आईच्या अंगावर व्यवस्थित प्यायची, डॉक्टरांनी वजनाचा काटा बघून मान हलवली होती, सगळं ठीक होतं. मापबाईला दुःख एकच होतं, आणि ते शेजारच्या खोलीत राहत होतं.

ते दुःख म्हणजे तिची थोरली जाऊ. थोरलीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मूल झालं, आणि तेही मुंगीच्या आधी फक्त बारा दिवस. थोरलीचा मुलगा ढब्बू. नाव सांगितल्यावर वेगळं वर्णन नको. थोरलीला दूध असं यायचं, की सकाळी ढब्बूला पाजून, वर पंप लावून, एकीकडे फोनवर गप्पा मारत ती दोन बाटल्या भरायची. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी, त्यामुळे प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, आकडा. फ्रिजच्या वरच्या फळीवर त्या बाटल्या रांगेत उभ्या असायच्या. एकशे वीस. एकशे दहा. एकशे तीस. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडावा तर ही पलटण समोर. मापबाईने आठवडाभर गार पाणी पिणंच सोडलं होतं.

आता खोटं कशाला सांगा, तिला थोरलीचा राग राग यायचा. थोरलीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट पोटुशी असताना दोघींनी मिळून उलट्या केल्या होत्या, मिळून आंबट-चिंबट खाल्लं होतं. पण बाळं झाली आणि मापबाईच्या डोक्यात एक टेप उलगडला तो गुंडाळेचना. ढब्बूच्या मांडीला तीन वळ्या, मुंगीच्या मांडीला एक. थोरलीची रजा सहा महिने, हिची तीन. सासूबाई ढब्बूला घेऊन "पोटभर प्यायलाय माझा राजा" म्हणायच्या, आणि मुंगीला घेऊन म्हणायच्या "हलकीफुलकी आहे गं." एवढंच म्हणायच्या. पण मापबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कामावर जायचं तर मागे मुंगीला दूध हवं, आणि त्यासाठी पंप हवा. म्हणून शनिवारी सकाळी ती नवऱ्याला घेऊन बाजारात निघाली. जाण्याआधी तिने न्हाणीघरात कडी लावून स्वतःचं माप घेतलं. पंपाला पुढे एक नरसाळं असतं, ते छातीवर लावायचं, आणि ते बोंडाच्या मापाचं हवं, एवढं तिला फोनवर वाचून कळलं होतं. बटणाची रुंदी बघायची स्टीलची छोटी पट्टी तिच्याकडे होती, तीच लावली. सतरा मिलिमीटर. कोटाच्या बाहीला लावतात त्या बटणाहून जरासं मोठं. दोनदा मोजलं, सतराच. मापबाईच्या मोजण्यात चूक होत नसते.

बाहेर आली, तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर थोरलीचं नरसाळं धुऊन पालथं घातलेलं. कडेवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला. मापबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून वाचला. अठ्ठावीस.

तो आकडा दुकान येईपर्यंत तिच्या डोक्यातून गेला नाही.

दुकान दवाखान्याच्या सामानाचं. काठ्या, कमरेचे पट्टे, रक्तदाबाची यंत्रं, आणि कोपऱ्यात काचेच्या कपाटात पंप. दुकानवाली बाई उत्साही. तिने एकेक काउंटरवर मांडला. हा हाताने दाबायचा; हा विजेवरचा, एका बाजूचा; हा दोन्ही बाजूंचा; आणि हा कपड्यांच्या आत घालायचा, कुणाला कळतही नाही. नवरा विहिरीचे आणि गच्चीवरच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे इथे आपलाच शब्द शेवटचा अशी त्याची समजूत. त्याने प्रत्येक यंत्र उलटं करून पाहिलं.

"सक्शन किती?" त्याने विचारलं.

"नऊ पायऱ्या आहेत," दुकानवाली म्हणाली.

"पायऱ्या नको, ओढतो किती ते सांगा. आणि मोटर गरम झाली की आपोआप बंद होते का?"

"अहो," मापबाई दातांतल्या दातांत म्हणाली, "टाकी भरायची नाहीये आपल्याला."

दुकानवालीने हसू दाबलं आणि मापबाईकडे वळून विचारलं, "घरात कुणी वापरतं का? कुठला वापरतात?"

"जाऊबाई वापरतात." मापबाईने कपाटात बोट दाखवलं. थोरलीचाच पंप, तोच रंग, तीच पेटी. "पण त्याच्यावरचा दाखवा. त्यांच्यापेक्षा वरचा."

त्याच कंपनीचा वरचा निघाला. थोरलीच्या पंपाला पायऱ्या नऊ, ह्याला बारा. वर छोटा दिवा. मापबाईला जरा बरं वाटलं.

"आणि नरसाळं कुठल्या मापाचं देऊ? माप घेतलंय का? एकवीस, चोवीस, अठ्ठावीस आहेत."

"घेतलंय," मापबाई म्हणाली. आणि मग थांबली. सतरा. वर लूजिंग चार धरलं तरी एकवीस. एकवीस हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. डोळ्यांसमोर ओट्यावरचं ते पालथं नरसाळं आलं. तिला अठ्ठावीस आणि मला एकवीस? घरी ओट्यावर दोन्ही शेजारी शेजारी वाळत पडणार, सासूबाई ती उचलून ठेवणार, त्यांच्या हाताला फरक कळणार.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"नक्की ना? मोठं झालं तर..."

"मापं घेणं हा माझा धंदा आहे," मापबाई म्हणाली. "लूजिंग धरून सांगतेय."

नवऱ्याने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. बायकोचा मापातला अधिकार त्याला मान्य होता.

जाण्यायेण्यात आणि निवडानिवडीत अडीच तास गेले. घरी आली तर बाहेरच्या खोलीत थोरली खिडकीशी बसलेली, मांडीवर पदराखाली बाळ. मापबाईला वाटलं ढब्बू असेल. मग पदराबाहेर एक पाय आला. बारीक, वळवळणारा.

मापबाईच्या हातातली पिशवी तिथेच खाली बसली.

"अगं आलीस?" थोरली म्हणाली. "भूक लागली होती तिला. रडून लाल झाली होती."

"बरं झालं," मापबाई म्हणाली. मग दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडे."

"अगं पिऊ दे की, आता डोळा लागतोय..."

"द्या इकडे."

थोरलीने दिलं. मुंगीच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ होता, आणि चेहरा इतका तृप्त, की मापबाईला त्या तीन महिन्यांच्या पोरीचाही राग आला. जरा तरी तोंड फिरवायचं होतंस! तिने न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मनात ते वाक्य घोळत राहिलं. भूक लागली होती तिला. टोमणा होता का तो? तू नव्हतीस, असं म्हणायचं होतं का? तुझं पुरत नाही, असं? की साधंच वाक्य होतं? तिने ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, पण त्याचं माप काही लागलं नाही.

रविवारपासून पंप सुरू झाला. मापबाई पलंगाच्या कडेवर ताठ बसायची, पंप चालायचा, दिवा लुकलुकायचा, आणि वीस मिनिटांनी बाटलीच्या तळाशी चमचाभर दूध. रविवारी चमचाभर. सोमवारी चमचाभर, वर छाती लालबुंद. मंगळवारी तिने बाराव्या पायरीवर नेला तेव्हा डोळ्यांतून पाणी निघालं, बाटलीत मात्र निघालं नाही. भिंतीपलीकडून थोरलीच्या पंपाचा संथ आवाज यायचा आणि त्यावर थोरलीचं फोनवरचं खिदळणं. मापबाईला वाटायचं, ही मुद्दाम हसतेय.

नवरा एकदा दारात थबकला. कान देऊन म्हणाला, "हा हवा खातोय."

"काय?"

"आवाज ऐक ना. फुसफुसतोय. कुठेतरी तोंड नीट बसत नाहीये. माप..."

"माप मी घेतलंय," मापबाई अशा आवाजात म्हणाली, की नवऱ्याने पाय काढता घेतला.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. घर चालवणाऱ्या बाईसारखा त्यांनी हिशोबी विचार केला होता, इतकंच.

"हे बघ, जिवाचे हाल करून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "एकेकीला कमी येतं, त्यात लाजायचं काय? घरात एवढं दूध आहे. सोमवारपासून थोरली दोघांना पाजेल. ती आनंदाने तयार आहे. ते यंत्र दुकानदार परत घेतो का बघ."

आनंदाने तयार आहे! मापबाईच्या कानात ते शब्द निखाऱ्यासारखे पडले. आनंद होणारच. मुंगी दिवसभर तिच्या मांडीवर, तिच्या पदराखाली, आणि संध्याकाळी आई घरी आली की ही कोण बाई म्हणून बघणार.

"थांबा आई," ती म्हणाली. "आज येतंय जरा. संध्याकाळपर्यंत काढून दाखवते तुम्हाला."

आणि मग तिने जे केलं ते सांगायला सांगणाऱ्यालाही जड जातं, पण केलं ते केलं. चार वाजता थोरली अंघोळीला गेली, सासूबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या. मापबाईने फ्रिज उघडला. वरच्या फळीवरची सगळ्यात मागची बाटली घेतली, चिठ्ठीवर एकशे वीस. झाकण काढून आपल्या बाटलीत ओतलं, साठच्या रेघेपर्यंत. कापड अंदाजाने न कापणारा हात तो, रेघेवर थांबला. थोरलीची बाटली होती तिथे मागे ठेवली. आपल्या खोलीत गेली, रिकामा पंप वीस मिनिटं चालू ठेवला, आणि बाटली घेऊन बाहेर आली.

"हे बघा. साठ."

सासूबाईंच्या हातातले कपडे खुर्चीवर पडले. "अगं बाई! आलं की!" त्यांना खरंच इतका आनंद झाला, की त्यांनी सुनेची अलाबला घेतली. "आण इकडे. आत्ताच पाजून बघूया बाटलीने, सोमवारपर्यंत सवय तरी होईल."

"आत्ता नको..."

"आत्ता नको तर कधी? भुकेलीच आहे ती."

सासूबाईंनी बाटली कोमट पाण्यात धरली, मुंगीला मांडीवर घेतलं आणि पाजायला सुरुवात केली. मुंगीने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग बाटलीचं रबरी बूच पकडलं, आणि चुटूचुटू प्यायला लागली. नवरा कामावरून आला तो शेजारी बसून बघायला लागला. "आईचं दूध ते, ओळखते ती," तो म्हणाला. सगळे हसले. मापबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ज्या गोष्टीपायी चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, ती तिने आपल्याच हाताने, रेघेवर मोजून केली होती. थोरली केस पुसत आली, तिनेही कौतुकाने पाहिलं. म्हणाली, "वा, साठ!" आणि पाणी प्यायला फ्रिजकडे गेली. फ्रिजचं दार नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं राहिलं.

गुरुवारी सकाळी मापबाई पंप लावून बसली होती, तेवढ्यात थोरली न विचारता आत आली आणि दार लोटून घेतलं. आता ही बोलणार. चोर म्हणणार, आणि म्हणायला तिला पूर्ण मुभा आहे.

थोरली पलंगावर बसली. "तुझी ती बटणाची पट्टी कुठाय?"

"कशाला?"

"भिंतीतून ऐकतेय मी चार दिवस. फुसफुसतंय तुझं यंत्र. पहिल्या आठवड्यात माझंही असंच फुसफुसायचं. किती माप आलं होतं?"

मापबाई हळूच म्हणाली, "सतरा."

"आणि हे कितीचं?" थोरलीने नरसाळं उजेडात धरलं. "अठ्ठावीस? सतराला अठ्ठावीस?"

"लूजिंग धरलं."

"अकरा?" थोरलीचे डोळे विस्फारले. "अगं, माझ्या ड्रेसला अर्धा इंच जास्त सोड म्हटलं तर तू रडतेस! सतराला अकरा लूजिंग? हे काय बोंडाला झबलं शिवतेस की काय?"

"तुमचं अठ्ठावीस आहे ना!" मापबाईच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कंबर तीस लिहा म्हणणाऱ्या सगळ्या बायका एका ओळीत तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हसल्या.

थोरली मात्र हसली नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली, आणि एक चपटी डबी घेऊन आली. डबीत रबरासारख्या मऊ सिलिकॉनची एक चकती, मध्ये भोक असलेली, टोपीसारखी.

"माझ्या भावाने दुकानातून जे पहिलं खोकं मिळालं ते उचलून आणलं. त्यात अठ्ठावीस होतं. मला कुठे अठ्ठावीस लागतंय? आत ही टोपी बसवते मी. एकोणीसची आहे. धुतली की डबीत ठेवते, नाहीतर मोरीत जाते. दोन आल्या होत्या, ही तुला घे. माझं माप अठराच आहे."

अठरा. म्हणजे आपल्यापेक्षा एकच जास्त, मापबाईच्या मनात आलं. तरी एक जास्तच. स्वभावाला औषध कुठून आणायचं!

थोरलीने स्वतः टोपी बसवून दिली, पंप बाराव्या पायरीवरून चौथ्यावर आणला. "आणि ही अशी बाटलीकडे टक लावून बसू नकोस. पोरीकडे बघ." फुसफूस थांबली. आवाज संथ झाला, भिंतीपलीकडून यायचा तसा. मापबाई मुंगीकडे बघत बसली. मुंगी आपल्याच मुठीकडे बघत होती. वीस मिनिटांनी थोरलीने बाटली वर धरली. सत्तर.

"आलं की गं," थोरली म्हणाली.

मापबाईला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिला ढकलून खोलीबाहेर काढावंसंही वाटलं. पंप आपण निवडला, दूध आपलं, आणि आता ते आलं तेही थोरलीच्या हाताने! कालच्या बाटलीबद्दल थोरली एक अक्षर बोलली नाही. न बोलण्याचंही एक ओझं असतं, आणि ते तिने अलगद मापबाईच्या डोक्यावर ठेवून पाय उचलला.

शुक्रवारी ऐंशी आलं. शनिवारी सकाळी नव्वद. फ्रिजच्या खालच्या फळीवर मापबाईची पहिली रांग लागली, तीन बाटल्यांची. सासूबाईंनी यंत्र परत करायचा विषय परत काढला नाही. शनिवारी दुपारी मापबाईने पुन्हा पंप लावला आणि साठच्या रेघेवर थांबवला. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही, लूजिंग शून्य. ती बाटली तिने वरच्या फळीवर, थोरलीच्या रांगेत, सगळ्यात पुढे ठेवली. चिठ्ठीवर तारीख लिहिली, साठ लिहिलं. कुणाचं ते लिहिलं नाही.

रविवारी सकाळी थोरली दातांच्या डॉक्टरांकडे गेली. तासाभरात येते म्हणाली, दीड तास झाला. ढब्बू उठला आणि त्याने असं काही भोकाड पसरलं की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. मुंगी झोपलेली. सासूबाईंनी फ्रिज उघडला, वरच्या फळीवरची पुढचीच बाटली काढली, कोमट केली आणि मापबाईच्या हातात दिली. "मी चष्मा शोधते, तू पाज."

मापबाईने चिठ्ठी पाहिली. तिच्याच अक्षरातलं साठ. ही दुसरी घ्या, असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही. खिडकीशी बसली, जिथे थोरली बसली होती तिथेच, आणि ढब्बूच्या तोंडात बूच दिलं.

ढब्बू तुटून पडला. घटाघटा प्यायचा आवाज, मध्येच धापा, पुन्हा घटाघटा. त्याचे डोळे अर्धे मिटले, जाडजूड हात मापबाईच्या मनगटावर येऊन पडला. हा थोरलीचा राजा, मापबाईच्या मनात आलं, आणि पितोय माझं. गेले पंधरा दिवस छातीत जो काटा होता तो एकदम निघाल्यासारखं तिला झालं. हे चांगुलपणाने झालं नव्हतं, हे सांगायला हवं.

दार वाजलं. थोरली आत आली, गालावर रुमाल दाबून. पाहिलं, आणि जागीच थांबली.

"बाटली कुठली ती?" रुमालाआडून तिने विचारलं. "पुढची? चिठ्ठीवर साठ होतं ती?"

"हो."

"मी साठची भरलीच नाही कधी."

मापबाईने मान वर केली. "माझी आहे ती. बुधवारी तुमच्या एकशे वीसमधून मी साठ ओतून घेतलं होतं. ते परत भरलं."

"ठाऊक आहे मला." थोरली पुढे आली. "त्याच दिवशी ठाऊक झालं. मी काही परत मागितलं नव्हतं."

ढब्बूने शेवटचा घोट घेतला, बूच सोडलं, आणि मापबाईच्या खांद्यावर डोकं टाकून असा समाधानाचा सुस्कारा सोडला, की थोरलीचा चेहरा बदलला. तो चेहरा मापबाईने लगेच ओळखला. रोज सकाळी न्हाणीघराच्या आरशात बघत होती ती तोच. थोरलीच्या हातातून रुमाल पडला, तो तिने उचलला नाही. दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे."

"पेंगलाय तो, जरा..."

"दे इकडे म्हणते ना."

मापबाईने ढब्बूला तिच्या हातात दिलं, अलगद, मानेखाली हात घालून. थोरलीने त्याला छातीशी धरलं, त्याच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पदराने पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला.

"भूक लागली होती त्याला," मापबाई म्हणाली. "रडून लाल झाला होता."

आठ दिवस ती ह्याच वाक्याचं माप घेत होती, आणि ते लागत नव्हतं. आता ते स्वतःच्या तोंडून गेल्यावर तिला कळलं. टोमणा नसतो तो. पण थोडासा असतो.